दोन राऊंडच्या मधला डॉक्टर

प्रश्न : आमच्या आबांना (सासऱ्यांना) गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. पोलादपूरहून महाड, महाडहून नवी मुंबई असं करत तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं, कारण मिस्टर आणि दीर तिकडेच नोकरीला आहेत. ज्यांचं नाव ऐकून गेलो ते मोठे डॉक्टर दिवसातून एकदा यायचे, फार तर पाच मिनिटं. बाकी सगळा वेळ एक तरुण मुलगी बघायची. तीन दिवस आम्ही तिला 'सिस्टर' म्हणत होतो. चौथ्या दिवशी ती हसून म्हणाली, 'मावशी, मी डॉक्टर आहे. इथली हॉस्पिटलिस्ट.' हा कसला डॉक्टर? आमचं माणूस शिकाऊ डॉक्टरच्या हाती सोडलं होतं का? आणि असे डॉक्टर आमच्या महाड-पोलादपूरला का नसतात?
— एक वाचक भगिनी, पोलादपूर तालुका

उत्तर : ताई, आधी मनातली रुखरुख काढून टाका. ती मुलगी शिकाऊ नव्हती. हॉस्पिटलिस्ट म्हणजे शिक्षण पुरं झालेला डॉक्टर. बहुतेक वेळा तो मेडिसिनचा असतो. फरक इतकाच की त्याने बाहेर पाटी लावलेली नसते. एरवी डॉक्टर आपण अवयवावरून ओळखतो. कुणी डोळ्यांचा, कुणी हाडांचा, कुणी हृदयाचा. हा डॉक्टर जागेवरून ओळखायचा. खाटेवर पडलेला माणूस, मग त्याला न्यूमोनिया असो, कावीळ असो की साखर वाढलेली असो, त्याला ॲडमिट केल्यापासून घरी सोडेपर्यंत बघायचं, एवढंच त्याचं काम. सकाळी लावलेल्या सलाइनचं दुपारी काय झालं, लघवी किती झाली, संध्याकाळचा रिपोर्ट आल्यावर औषध बदलायचं का, रात्री घाबरलेल्या म्हातारबाबांना झोपेची गोळी द्यायची की नाही, हे सगळं त्याच्याकडे.

शब्द नवा आहे आणि त्याची जन्मतारीखही ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९९६ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या दोन डॉक्टरांनी लेख लिहिला आणि त्यात 'हॉस्पिटलिस्ट' हा शब्द वापरला. अमेरिकेत तोवर रीत अशी होती, की आपला नेहमीचा डॉक्टरच हॉस्पिटलातही आपल्याला बघायचा. सकाळी एक फेरी मारून तो स्वतःच्या दवाखान्यात जाई आणि मग दिवसभर वॉर्डातून त्याला फोन. पुढे हॉस्पिटलात येणारे रोगी जास्त आजारी असू लागले. त्यात पैशाचं गणितही फिरलं. १९८३ पासून तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्याने 'दर दिवसाचे इतके' हा हिशेब सोडून 'या आजाराचे एकूण इतके' अशी ठोक रक्कम द्यायला सुरुवात केली. म्हणजे रोगी जितका लवकर बरा होऊन घरी जाईल तितका हॉस्पिटलचा फायदा. दुपारी तीन वाजता आलेल्या रिपोर्टवर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला निर्णय होणं परवडेनासं झालं. वॉर्डातच बसणारा डॉक्टर हवा झाला. २०१६ साली, म्हणजे वीस वर्षांत, अमेरिकेत असे डॉक्टर पन्नास हजारांवर गेले होते. रोग्याच्या सोयीसाठी हे सगळं झालं असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं माना. पैशाचा रेटा नसता तर इतक्या झपाट्याने झालं नसतं.

तुम्हाला 'शिकाऊ' का वाटलं तेही समजतं. आपल्याकडे वॉर्डात राहणारा डॉक्टर म्हणजे निवासी डॉक्टर. त्यांच्या 'मार्ड' या संघटनेचा संप झाला की पेपरात ज्यांचे फोटो येतात, ते. हा शब्दही अमेरिकेतूनच आला. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ साली उघडलं, तिथे विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी तरुण डॉक्टरांना हॉस्पिटलातच राहायला लावून शिकवण्याची पद्धत बसवली. रोग्याजवळ राहायचं ते शिकत असताना, आणि शिकून मोठं झालं की रोग्यापासून लांब जायचं, ही गंमत तेव्हापासूनची. जितका डॉक्टर मोठा, तितका खाटेजवळचा वेळ कमी. हॉस्पिटलिस्टने ही रीत उलटी करायचा प्रयत्न केला. शिक्षण संपलेलं, तरी वॉर्ड सोडायचा नाही.

आपल्या खासगी हॉस्पिटलांत मात्र अजून बहुतेक ठिकाणी जुनीच व्यवस्था चालते. मोठे डॉक्टर 'व्हिजिट'ला येतात आणि मधल्या वेळात आरएमओ असतो. तो बऱ्याचदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला, कमी पगारावर रात्रपाळी करणारा मुलगा. त्याला नावं ठेवायची नाहीत. रात्री तीन वाजता धावत तोच येतो. पण निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. माझ्या आईला एकदा एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. रात्री दोनला तिचा श्वास वाढला. आरएमओने सरांना फोन लावला, सरांनी उचलला नाही. तो बिचारा सकाळपर्यंत दर वीस मिनिटांनी येऊन 'सर उचलतील' म्हणत उभा राहिला. पाणी काढणारं एक इंजेक्शन द्यायचं होतं, ते सकाळी आठला मिळालं. आई बरी झाली, पण ते सहा तास मी विसरलेलो नाही. तुमच्या आबांच्या बाबतीत मात्र पाच मिनिटांच्या व्हिजिटमागे वॉर्डातच थांबणारा एक पुरा डॉक्टर होता. हे भाग्य म्हणा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, 'आमच्याकडे असे डॉक्टर का नसतात?' ताई, इथे मी तुम्हाला अडवणार. महाड तालुक्यात हे काम 'हॉस्पिटलिस्ट' शब्दाच्या वीस वर्षं आधी झालं आहे आणि त्याची नोंद लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहे.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तुम्हाला माहीत असणारच. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा शेतकरी कुटुंबातला हा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाला. इथे येऊन बघतात तर विंचू चावलेली माणसं, त्यातही पोरं, डोळ्यांदेखत जातायत. हा आपला छोटा लाल विंचू. मोठा काळा दिसायला भयंकर, पण तो सहसा ठणका देऊन सोडतो. जीव घेतो तो हा तांबडा, बोटाएवढा. भाताच्या पेंढ्यात, लाकूडफाट्यात, कौलाखाली, जांभ्याच्या गडग्यात तो असतो. पाऊस सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात आणि पुढे भातकापणीला त्याचा सुळसुळाट. पुस्तकांत त्याच्याविषयी फारसं काही नव्हतं, आणि जे होतं ते वाचून पोरं वाचत नव्हती. गंभीर होऊन आलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावायचे.

मग त्या तरुण डॉक्टरने काय केलं? मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती इथली गोष्ट. औषध सापडण्याच्या कितीतरी आधी तो रोग्याजवळ बसला. विंचू चावल्यावर पहिल्या तासात काय होतं, दुसऱ्यात काय, सहाव्यात काय, हे बघत आणि लिहीत बसला. आधी दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ. मग हात-पाय बर्फासारखे गार. नाडी आधी मंद, मग धावती, रक्तदाब चढलेला. आणि काही जणांना त्यानंतर खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस. म्हणजे फुप्फुसात पाणी भरलेलं. माणूस विषाने 'काळानिळा' होऊन मरत नव्हता, हृदय थकून मरत होता. विंचवाचं विष शरीरातल्या मज्जातंतूंना असं पिसाळतं, की ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट येतो. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला बंद दारावर धडका मारल्यासारखं रक्त ढकलावं लागतं. ही आधीची लक्षणं कोणती, धोका कुणाला, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दर दोन तासांनी व्हिजिट करून असला लेख लिहिता येत नाही. तिथे असावं लागतं.

पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम. डी. करून ते पुन्हा याच भागात आले. एम. डी. झालेला माणूस मुंबई-पुण्याला पाटी लावतो हे जगाचं रीतसर गणित. ते यांनी मोडलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या तर सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचं औषध सलाइनमधून द्यावं, असं त्यांनी करून पाहिलं, आणि त्याने माणसं वाचली. पण ते औषध म्हणजे दोरीवरची कसरत. थेंब जरा वाढला की रक्तदाब कोसळतो. डॉक्टरला खाटेपासून हलता येत नाही. चार रोगी एकदम आले तर? मग त्यांनी प्राझोसिन हाताशी धरलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत लिहिलेला तो लेख १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आला. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या घरात आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लोक ही कहाणी 'गोळीचा शोध' म्हणून सांगतात. मला ती तशी अपुरी वाटते. ही गोळी एकदा देऊन भागत नाही. हात-पाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी द्यावी लागते. म्हणजे मध्ये मध्ये कुणीतरी येऊन पोराचे तळपाय हाताने चाचपून बघायला हवेत. नाडी, रक्तदाब, श्वास दर अर्ध्या तासाने लिहायला हवा. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला आडवंच ठेवायचं. आणि इथे खरी पंचाईत. पोर रडतंय, आई त्याला कडेवर घेणारच! तिला समजावणं हासुद्धा उपचारच. यासाठी यंत्र काही लागत नाही, आईला ओळखणारा आणि तिच्या बोलीत बोलणारा माणूस लागतो, आणि तो पहाटे चार वाजता तिथे असावा लागतो.

याच घराण्यातला पुरावा म्हणून आणखी एक सांगतो. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याच दांपत्याचा महाडमधला अभ्यास छापून आला. ७० रोगी, ३५-३५ चे दोन गट. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे कोण होतात ते पाहायचं होतं. दोन्ही औषधं मिळालेल्यांत ३२ जण झाले, नुसत्या प्राझोसिनवर ८. आकडे मोठे आहेत, पण मला त्यातला 'दहा तास' हा शब्द थांबवतो. सत्तर माणसांचे प्रत्येकी दहा तास कुणीतरी घड्याळ घेऊन मोजले. सात खंडांतले डॉक्टर तो अभ्यास वाचतात आणि तो झाला आपल्या सावित्री नदीकाठी.

तेव्हा 'आमच्याकडे असे डॉक्टर का नसतात' याचं उत्तर असं, की असतात, पण जागा नसते. हॉस्पिटलिस्ट नावाची नेमणूक सरकारी कागदावर नाही, आणि त्या नावाची वेगळी एम. डी.ही आपल्याकडे नाही. ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा आणि मोजके डॉक्टर. सकाळी ओपीडीला रांग, मध्येच बाळंतपण, मध्येच हायवेचा अपघात, दुपारी शवविच्छेदन, दुसऱ्या दिवशी कोर्टात साक्ष, कुणी मंत्री घाटातून जाणार असला तर ॲम्ब्युलन्ससकट बंदोबस्त. यातून उरलेला वेळ वॉर्डाचा. एकटा डॉक्टर हे सगळं करतो तेव्हा त्याला हॉस्पिटलिस्ट म्हणायचं की अष्टभुजा, तुम्हीच ठरवा. आणि मुलूख कसला! एका बाजूला कशेडी घाट, एका बाजूला आंबेनळी, तिकडे वरंधा. वरच्या वाड्यांतून अजून डोलीत घालून माणूस खाली आणतात. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, ३० माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि त्याच दिवशी महाड शहर पाण्याखाली होतं. अशा दिवशी 'पुढे पाठवा' म्हणणं सोपं. पण मुंबई दीडशे किलोमीटरच्या पुढे आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालयही शंभरावर. या अंतरात माणूस जिवंत ठेवायचा तर इथेच, खाटेजवळ, निर्णय घेणारा डॉक्टर हवा. मोठ्या शहरापेक्षा इथे त्याची गरज जास्त. नेमकी उलटी वाटणी झाली आहे.

या नव्या पद्धतीत खोट नाही असं नाही. हॉस्पिटलिस्ट आजार ओळखतो, माणूस ओळखत नाही. तुमच्या गावच्या डॉक्टरांना माहीत असतं की आबा मिश्री लावतात, ब्लडप्रेशरची गोळी चतुर्थीला घेत नाहीत, आणि 'बरं वाटतंय' म्हणाले तर ते घरी जायची घाई म्हणून. हॉस्पिटलातल्या मुलीला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तिची पाळी संपली की दुसरा येतो, त्याला तर तेवढंही नाही. पाळी बदलताना निम्मी माहिती वाटेत सांडते, हा या पद्धतीवरचा जुना आणि रास्त आक्षेप आहे. ती सांडू द्यायची नसेल तर घरच्यांपैकी एकानेच बोलायचं. सकाळी दीर, दुपारी नणंद, संध्याकाळी मुंबईकर मामा असे तिघांनी तीन वेगळे इतिहास सांगायचे नाहीत. घरून निघताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकायची. नुसती नावं नकोत, पाकिटंच हवीत. आणि रोज एवढंच विचारायचं, की आज काय बदललं आणि रात्री निर्णय कोण घेणार. दुसरा प्रश्न विचारला की काही हॉस्पिटलांत लोक एकमेकांकडे बघतात. बघू द्या.

राहता राहिलं बिल. व्हिजिटचे पैसे मोठ्या डॉक्टरांच्या नावावर आणि त्या मुलीचा पगार खाटेच्या भाड्यात, अशी बहुधा वाटणी असते. अन्याय आहे. पुढच्या वेळी भेटलात तर तिला 'डॉक्टर' म्हणा, तेवढं तरी आपल्या हातात आहे.

प्रश्न : आयसीयूतले डॉक्टर म्हणजेच हॉस्पिटलिस्ट का?
— महाड

उत्तर : नाही. व्हेंटिलेटर, सतत चालणारा मॉनिटर, तासातासाला जीव वर-खाली, तिथला डॉक्टर तो अतिदक्षता तज्ज्ञ. दारात आल्या आल्या बघतो तो तातडीच्या विभागातला. या दोघांच्या मधला लांबलचक पट्टा, म्हणजे साधा वॉर्ड, हॉस्पिटलिस्टचा. मात्र तालुक्याच्या ठिकाणी हे भेद फक्त कागदावर. मण्यार चावलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो, त्याच्या पापण्या मिटायला लागलेल्या असतात, आणि पुढच्या तासाभरात श्वास थांबला तर तातडीचा, आयसीयूचा आणि वॉर्डाचा डॉक्टर एकच असतो. हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग घेतलेला.

प्रश्न : प्राझोसिनची गोळी घरात आणून ठेवावी का? आमच्या वाडीत दर वर्षी दोघा-तिघांना तरी विंचू चावतो.
— पोलादपूर

उत्तर : नको. कुणाला द्यायची, किती द्यायची आणि नंतर काय बघायचं हे डॉक्टरचं काम. घरी घेतलेली गोळी आणि मग चालत उतरलेला डोंगर यातच माणूस कोसळेल. मांत्रिकाकडे उतरवायला नेण्यात जातो तो वेळ वाचवा. घाम, उलटी, गार पडलेले हात-पाय यांतलं काहीही दिसलं तर ठणका किती आहे याकडे बघत बसू नका. पोराला कडेवर न घेता आडवं ठेवूनच खाली आणा, जवळ जे सरकारी रुग्णालय असेल तिथे. आणि १०८ ला फोन केलात तर नुसतं वाडीचं नाव सांगून थांबू नका, ते गाडीवाल्याला सापडत नाही. डांबरी रस्ता जिथे संपतो त्या फाट्याचं नाव सांगा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन तिथे उभा करा.